खोट्या घरातली शेजारीण

फोन वाजला तेव्हा बाई शेजारीण झालेल्या होत्या. खांद्यावर तपकिरी शाल, हातात रिकामी वाटी, चेहऱ्यावर जरा आगाऊ हसू आणि तोंडात साखर मागायला आलेल्या बाईचं सगळं गोडगोड बोलणं. "येऊ का गं आत? तुमच्याकडे कसं शांत शांत असतं, आमच्याकडे मेलं सारखं कोणी ना कोणी," असं म्हणत त्या दार ओलांडून सरळ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर जाऊन बसल्याही होत्या. नको असलेल्या पाहुण्याला न दुखावता वाटेला कसं लावायचं, हा त्या दुपारचा धडा होता. पहिलं वाक्य कोणी टाकायचं म्हणून समोरच्या दोघी मुली एकमेकींकडे बघत होत्या. तेवढ्यात शालीखाली, स्वेटरच्या खिशात, बाईंचा स्वतःचा फोन थरथरला. धडा चालू असताना फोन घ्यायचा नाही हा नियम बाईंचाच. पण फोन भाच्याचा होता आणि भाचा भरदुपारी कधी फोन करत नसे, म्हणून त्यांनी तो घेतला.

भाचा धापा टाकल्यासारखा बोलत होता. आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलंय. हॉस्पिटलमध्ये आणलंय. डॉक्टर म्हणतात, आज ऑपरेशन केलं तर उठून बसेल, काठी घेऊन चालेलसुद्धा. नाही केलं तर अंथरूण धरलं ते धरलं, आणि या वयात अंथरूण धरणं म्हणजे काय ते मावशी तुला सांगायला नको. एवढं सांगून तो थांबला, आणि मग खरी गोष्ट त्याने सांगितली. आई सही द्यायला तयार नाही. पूर्ण शुद्धीवर आहे, नर्सबाईंना बिछान्याची चादर कशी खोचायची ते शिकवून झालंय, पण कागद पुढे केला की भिंतीकडे तोंड करते. म्हणते, आता माझ्यावाचून कोणाचं काय अडलंय. "तू बोल तिच्याशी मावशी. ऐकलं तर तुझंच ऐकेल." बाई "पाच मिनिटांत लावते" म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंद केला. पाच मिनिटं कशाला हवी आहेत हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. मांडीवरची वाटी घरंगळली आणि फरशीवर गरगरत राहिली, आणि ती उचलायला त्या वाकल्याही नाहीत. "माझी बहीण," त्या म्हणाल्या, "माझी बहीण पडली."

दोघी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर जे उमटलं ते बाईंनी अनेक वर्षं अनेक चेहऱ्यांवर पाहिलेलं होतं. अच्छा, म्हणजे साखरेचं नुसतं निमित्त होतं, खरा धडा हा आहे.

तसं मुलींना वाटलं यात त्यांची काही चूक नव्हती. ते घरच मुळी खोटं होतं. शाळा मोठी, नावाजलेली, देशोदेशीची मुलं तिथे राहून शिकत. त्यांना बेडूक फाडता येई, ताऱ्यांची अंतरं काढता येत, तीन तीन भाषांत वादविवाद करता येत, आणि शर्टाचं बटण तुटलं की ती शर्टच टाकून देत. शाळेत पहिला नंबर काढून बाहेर पडलेला एक हुशार विद्यार्थी पुढे शिकायला गेला आणि शेगडी कशी पेटवायची ते विचारायची लाज वाटली म्हणून बिस्किटांवर राहून आजारी पडला, तेव्हा कुठे मुख्याध्यापकांचे डोळे उघडले आणि बाई इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या ते त्यांना ऐकू आलं. मैदानापलीकडची माळ्याची रिकामी बंगली बाईंना मिळाली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम, दाराला घंटी. शेवटच्या वर्षाची मुलं आळीपाळीने, जोडीजोडीने आठवडाभर इथे राहत. वर्ग चुकवायचे नाहीत, गणितं सोडवायचीच, पण परत आलं की चूल यांची, भांडी यांची, केर यांचा. आणि संकटं बाईंची. रात्रीतून नळ गळायला लागे, फ्यूज नाहीसा होई, घंटी वाजवून भलताच माणूस भलतंच काहीतरी विकायला येई. गणिताचे सर म्हणत, "बाई, आता तेवढा एक दरोडा घाला, म्हणजे अभ्यासक्रम पुरा झाला." मुलं त्याला खोटं घर म्हणत, पण त्यातला आपला आठवडा कधी येतो म्हणून वाट बघत. आणि त्या घराचा एकच पक्का नियम होता. बाईंच्या अंगावर तपकिरी शाल असली की त्या शेजारच्या काकू, काकूंचं सगळंच खोटं. शाल काढली की बाई, आणि बाईंचं सगळं खरं. आज बातमी आली ती शाल अंगावर असताना, आणि ती काढून ठेवायला हवी हे बाईंच्या लक्षातच राहिलं नाही.

"काकू, आधी टेकून बसा बरं नीट," दोघींतली उंच मुलगी म्हणाली. ती कुठल्याशा राजदूताची लेक. शाळेत आली तेव्हा अंथरूण आपोआप आवरलं जातं अशी तिची प्रामाणिक समजूत होती, म्हणून वसतिगृहात तिचं नाव महाराणी पडलं, आणि तिनेही ते हसून घेतलं. महाराणीने पाण्याचा पेला भरून आणला. भरताना तो बाहेरून ओला झाला होता, तो तिने स्वतःच्या बाहीने पुसला. दुसरी, चष्मेवाली, खुर्ची ओढून बाईंच्या समोर नाही तर जरा बाजूला बसली. वाईट बातमी ऐकलेल्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बसू नये, बाजूला बसावं, हे बाईंनीच शिकवलेलं. सगळं ठीक होईल असं म्हणू नका, कारण ठीक होईल की नाही हे तुमच्या बापालाही माहीत नसतं, हेही बाईंचंच. बाईंना सगळं दिसत होतं, एकेक पाऊल ओळखीचं होतं. आता शाल काढून घडी घालायची आणि म्हणायचं, मुलींनो, हे खरं आहे. एवढंच तर होतं. पण शाल काढली की या दोघी क्षणात लहान होणार होत्या. सॉरी बाई, सॉरी बाई करत उभ्या राहणार, एक मुख्याध्यापकांकडे पळणार, दुसरी रडायला लागणार आणि तिची समजूत बाईंनाच काढावी लागणार. शाल होती तोवर त्यांना बसून राहता येत होतं, कोणीतरी आणून दिलेलं पाणी पिता येत होतं. बाई पाणी प्याल्या. घशाखाली उतरताना ते थंड लागलं, आणि आपल्याला केव्हापासून तहान लागली होती हे त्यांना तेव्हा कळलं.

असं पाणी ताई आणून द्यायची. अभ्यासाला बसलं की न मागता, उजव्या हाताशी, वहीला धक्का लागणार नाही इतक्या अंतरावर. आई गेली तेव्हा ताई स्वतःच परकरी पोर, पण त्या दिवसापासून तिने पदर खोचला तो खोचलाच. वेणी ताईची, डबा ताईचा, बटणं ताईची, दप्तराचा तुटलेला पट्टाही ताईचा. धाकटीने चुलीजवळ पाऊल टाकलं की ताई तिला कोपराने बाजूला सारायची. "ठमे, तू शीक. हे मी करते." ठमी हे तिने ठेवलेलं नाव, दुसरं कोणी त्या नावाने हाक मारलेली धाकटीला चालत नसे. आणि ठमी शिकली. पहिली आली, शिष्यवृत्ती मिळवली, परक्या गावी भाड्याच्या खोलीत एकटी राहायला गेली, आणि पहिल्याच संध्याकाळी शेगडीपुढे काड्यापेटी हातात धरून बसून राहिली. काड्या पेटत होत्या, बोटापर्यंत येऊन विझत होत्या, आणि नेमकं काय कुठे फिरवायचं ते तिला ठाऊक नव्हतं. घरमालकीण दारात उभी राहून हसली. वाईट हसली नाही, पण हसली. एवढी शिकलेली मुलगी आणि हे गं काय. त्या हसण्याने बाईंचा पुढचा सगळा जन्म ठरवला म्हटलं तरी चालेल. ताईने जीव लावला आणि मला पांगळं केलं, असं त्यांनी तेव्हा मनाशी घेतलं. पुढे सगळं शिकल्या, ताईपेक्षा चांगलं शिकल्या, दुसऱ्यांना शिकवू लागल्या, तरी ती अढी कुठेतरी खाली गाळासारखी राहिली. खोटं घर उभं केलं ते मुलांसाठी, यात शंका नाही. पण त्याच्या प्रत्येक खोलीत त्या ताईशी भांडत होत्या, आणि ताई बिचारी दूर तिकडे नातवंडांच्या गाद्या उन्हात घालत होती.

ताई एकदा ते घर बघायला आली होती. आठवडाभर राहिली, बाईंच्या क्वार्टरमध्ये. बाई वर्गावर गेल्या की मैदान ओलांडून हळूच बंगलीत जायची. त्या आठवड्याच्या मुलांनी कधी नव्हे ते सगळं अचूक केलं. भांडी लख्ख, कपड्यांना कडक इस्त्री, आणि बाईंनी मुद्दाम ढिला केलेला नळ एक थेंब गाळेना. बाई खूश झाल्या, आणि मग खिडकीतून त्यांना ताई दिसली. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर, दाताने दोरा तोडतेय, आणि दोन आडदांड मुलगे तिच्यासमोर गरीब चेहरे करून बटणं लावून घेतायत. बाईंना हसू आलं आणि रागही आला. रागावल्या मात्र नाहीत. त्या प्रेमानेच म्हणाल्या, "ताई, आता आम्हाला सगळं येतं गं. तू आराम कर." ताईने सुई पिनकुशनला टोचून ठेवली. "बरं," म्हणाली. तिकडे परत गेल्यावर फोन करायची, पण जेवलीस का, थंडीचं काही घातलंस का, असलं काही विचारेनाशी झाली. बाईंना वाटलं, चला, सुधारली ताई. आणि आज भाच्याच्या तोंडून ते वाक्य आलं, माझ्यावाचून कोणाचं काय अडलंय, तेव्हा बाईंना त्या वाक्याची घडी ओळखू आली. ते त्यांचंच वाक्य होतं, उलटं करून घडी घातलेलं.

"आत्ता त्यांच्याजवळ कोण आहे, काकू?" चष्मेवालीने विचारलं. बाईंनी सांगितलं, मुलगा आहे. मग त्या आपणहून सांगत सुटल्या. बहीण म्हणजे बहीण नव्हे, आईच, आणि आता सही देत नाही, आणि ऑपरेशन आजच्या आज व्हायला हवं. सांगता सांगता त्यांना रडू आलं. लहान मुलासारखं, तोंड वाकडं करून, नाक गळेपर्यंत. महाराणी गडबडली. धड्यात काकू इतकं रडत नसत. तिने बाईंच्या पाठीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. हाताला भांड्यांच्या साबणाचा वास येत होता. त्या वासाने बाईंना आणखीच रडू आलं, आणि चष्मेवालीने ओट्यावरचा टॉवेल आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. किती वर्षं झाली कोणी आपलं असं काही केलं त्याला, असं बाईंच्या मनात आलं. कोणी करू पाहिलं तर आपण करू दिलं नाही, हेही लगेच त्यामागून आलं. स्वावलंबन स्वावलंबन म्हणून मुलांच्या कानाशी डंका वाजवला आणि त्यात दुसऱ्याला आपल्यासाठी काही करू देणं हा धडा कुठे घातलाच नाही. तो घालायचा कुठे, आणि त्याला गुण द्यायचे कसे, हे त्यांना या वयातही सांगता आलं नसतं.

"मग आता पुढचं एक काम कुठलं?" चष्मेवाली म्हणाली. हाही प्रश्न बाईंचाच. डोंगराएवढं संकट आलं की फक्त पुढचं एक काम शोधा.

"तिला फोन लावायचा."

"मग लावू या ना."

"काय बोलू तेच कळत नाही गं."

अवघड फोन करायच्या आधी पहिलं वाक्य जुळवून ठेवायचं, पुढचं आपोआप येतं, असं दरवर्षी नव्या मुलांना सांगणाऱ्या बाई आता एका मुलीच्या तोंडाकडे बघत होत्या. दोघींनी त्यांच्याकडून वाक्य घोटून घ्यायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, ताई, डॉक्टर सांगतायत ते ऐक. चष्मेवालीने मान हलवली. हे डॉक्टर सांगून बसलेच असतील, त्याने भागलं असतं तर तुम्हाला कशाला फोन आला असता. बाईंनी पुन्हा जुळवलं, ताई, तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही. त्यावर महाराणीने नाक फेंदारलं. "हे पिक्चरमधलं वाटतं, काकू. खरं काय आहे तेवढंच सांगा की." खरं काय आहे. बाई तेच शोधत होत्या, आणि इतकी वर्षं सगळं यायला लागल्यामुळे ते कुठल्या खणात ठेवलंय हेच त्यांना आठवत नव्हतं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. तिकडे ताई भिंतीकडे तोंड करून पडली असेल, दुखत असेल, दुखतंय असं म्हणत नसेल. फोन काढायला बाई वाकल्या आणि शाल खांद्यावरून घसरून खुर्चीमागे पडली. चष्मेवालीने ती उचलली. क्षणभर ती शालीकडे बघत राहिली, मग बाईंच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, आणि मग तिने शाल झटकून अगदी हळू पुन्हा त्यांच्या खांद्यांवर घातली. हिला कळलंय, असं बाईंना वाटलं. आणि तरी ही काही बोलत नाही, नियम पाळतेय, म्हणून त्यांनी त्या मुलीचा हात एकदा घट्ट दाबला आणि नंबर लावला.

भाच्याने फोन ताईच्या कानाशी धरला असावा. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग ताईचा आवाज, थकलेला पण तोच. "काय गं ठमे. तुला पण कळवलं का यांनी. काही येऊ-बिऊ नकोस हं धावत, तुझी शाळा आहे." जुळवलेली सगळी वाक्यं बाईंच्या तोंडातून पळाली.

"ताई," त्या म्हणाल्या, "माझे हात कापतायत."

 पलीकडे मागे कुठेतरी चाकांच्या खाटेची कुरकुर ऐकू आली.

"कुठे आहेस तू?"

"शाळेत. त्या घरात."

"जवळ कोण आहे?"

"दोन मुली आहेत."

"त्यातली शहाणी कोणती?"

बाईंनी दोघींकडे पाहिलं. "दोघीही तशा बऱ्या आहेत."

"मग कोणाकडेही दे फोन," ताई म्हणाली.

बाईंनी फोन महाराणीपुढे धरला. महाराणीने तो ऐटीत घेतला, अवघड धड्यात आणखी एक वळण आलं म्हणून तिचे डोळे चमकत होते, आणि "हां, बोला आजी," असं अगदी शिकवल्याबरहुकूम म्हणाली. मग ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. शाळेतलं कोणीही हा आवाज काढू शकणार नाही, हे तिला कळायला फार वेळ लागला नाही. तिने शालीकडे पाहिलं, चष्मेवालीकडे पाहिलं. चष्मेवालीने हलकेच मान डोलावली. महाराणी खुर्चीवरून उठून ताठ उभी राहिली. "हो आजी," ती म्हणू लागली. "नाही, जेवल्या नसतील. हो, देते काहीतरी करून. अंडं उकडते. येतं मला. एकट्या नाही जाऊ देणार, शाळेची गाडी आहे, आमच्या वॉर्डन जातील बरोबर. हो, घसा झाकायला सांगते." पलीकडून ताई बोलतच होती. शब्द बाईंपर्यंत पोचत नव्हते, पण लय पोचत होती. ती लय त्यांनी केवढ्या वर्षांत ऐकली नव्हती. सही मात्र अजून झाली नव्हती. भाच्याचा आवाज मध्येच एकदा आला, काहीतरी विनवल्यासारखा, आणि ताईने त्याला गप्प केलं.

मग महाराणीने फोनवर तळहात दाबून धरला आणि ती बाईंकडे वळली.

"बाई," ती म्हणाली. काकू नाही म्हणाली. "त्या विचारतायत, तुम्हाला बॅग भरता येते का."

गेल्याच महिन्यात बाईंनी याच मुलीची बॅग भरवर्गात पालथी केली होती आणि मनासारखी होईपर्यंत पुन्हा पुन्हा भरायला लावली होती. ते आठवून तिचे ओठ हसायला बघत होते आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. बाई थंडीची बॅग भरू शकत, डोंगराची, दवाखान्याची, एका हाताने, झोपेतसुद्धा. खरं तेच बोलावं हेही त्यांनीच शिकवलेलं. पलीकडे ताई उत्तराची वाट बघत होती.  बाईंनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. ते अजून कापत होते, आणि त्या घटकेला त्यांच्याने साध्या रुमालाचीही घडी झाली नसती.

"नाही म्हणावं," बाई म्हणाल्या. "नाही येत म्हणावं तिला."

महाराणीने फोन कानाला लावला. "नाही येत म्हणतायत, आजी." ती ऐकू लागली, आणि मग एकेक शब्द जसाच्या तसा दोघींना मोठ्याने सांगू लागली. "म्हणतायत, मला वाटलंच होतं. म्हणतायत, आण रे तो कागद, कुठे करायची सही. आणि आपल्याला म्हणतायत, तिला उठवा, कपाटापुढे नेऊन उभी करा, आणि मी सांगेपर्यंत एकाही वस्तूला हात लावू देऊ नका."